‘आज’च्या अलीकडे की पलीकडे?

इंग्रजी व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत एक नियम हमखास सापडतो. वाक्याच्या तोंडाशी वेळ, ठिकाण किंवा परिस्थिती सांगणारा शब्दसमूह आला, तर त्यानंतर स्वल्पविराम द्यावा आणि मग मुख्य विधानाला हात घालावा. शब्दसमूह लहान असेल आणि घोटाळा होण्याची भीती नसेल, तर विराम गाळला तरी चालतो, अशी सूटही बऱ्याच शैलीपुस्तिका देतात. परीक्षेत अर्धा गुण मिळवून देणारा हा नियम कुणाला तत्त्वचिंतनाचा विषय वाटणार नाही. पण ‘घोटाळा होण्याची भीती नसेल तर’ ही अट जरा खरवडून पाहावी. ‘वाक्याच्या तोंडाशी’ असे म्हणताना वाक्य कुठे सुरू झाले हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, असे आपण धरून चालतो. दोन विधाने लगोलग आली आणि मधला शब्द दोघांकडेही जाऊ शकत असला, तर तो पहिल्याचा शेवट की दुसऱ्याचा आरंभ हे ठरवल्याशिवाय विराम देताच येत नाही. विराम छापला, की हा निर्णय वाचकाच्या नजरेआड होतो. त्याला वाटते, वाक्य मुळातच असे होते. वर्तमानपत्रात याने फार काही बिघडत नाही. धर्मग्रंथात मात्र एका विरामावर मरणोत्तर अवस्थेचा सिद्धान्त टांगलेला असू शकतो. माझे म्हणणे असे, की धर्मग्रंथातला स्वल्पविराम हा ग्रंथाचा अंश नसतो, वाचणाऱ्याने केलेला युक्तिवाद असतो. आणि युक्तिवाद असल्यामुळेच तो मनमानी राहू शकत नाही, त्याला पुराव्याच्या कसोटीवर उभे राहावे लागते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लूकच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायाच्या त्रेचाळिसाव्या वचनात आहे. येशूला वधस्तंभावर दिले आहे, दोन्ही बाजूंना दोन गुन्हेगार आहेत. एक टवाळी करतो. दुसरा त्याला गप्प करतो आणि येशूला विनवतो, की तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण ठेव. येशूचे उत्तर ग्रीकमध्ये अवघ्या दहा शब्दांचे आहे: प्रथम ‘आमेन’, मग ‘मी तुला सांगतो’ एवढ्या अर्थाचे दोन शब्द, मग ‘सेमेरॉन’ म्हणजे ‘आज’, आणि शेवटी तो गुन्हेगार येशूबरोबर सुखलोकात असेल हे आश्वासन. ‘आज’ बरोबर सांध्यावर बसला आहे. विराम त्याच्या अलीकडे दिला तर ‘आज’ हा आश्वासनाचा आरंभ होतो: सुखलोक आजच. विराम पलीकडे नेला तर ‘आज’ सांगण्याला चिकटतो: आज मी तुला हे सांगून ठेवतो, सुखलोक यथाकाळ. १६११च्या किंग जेम्स भाषांतरापासून बहुतेक इंग्रजी बायबले पहिला मार्ग धरतात. यहोवाच्या साक्षीदारांचे ‘न्यू वर्ल्ड’ भाषांतर, ज्याचा नव्या कराराचा भाग १९५० साली निघाला, दुसरा मार्ग धरते. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथही तसेच वाचतो. माणूस मेल्यावर आत्मा जागा राहत नाही, पुनरुत्थानापर्यंत सारे निजलेले असते, अशी या दोन्ही पंथांची शिकवण आहे आणि ‘आजच सुखलोक’ तिच्या आड येतो. पण दुसरा मार्ग पंथीयांचाच आहे असे समजू नये. ई. डब्ल्यू. बुलिंगर हा अँग्लिकन पाद्री आणि जोसेफ रॉदरहॅम हा भाषांतरकारही त्याच बाजूला होते.

लूकने स्वतः काय केले होते, असे विचारावे तर उत्तर मिळत नाही. चौथ्या शतकातल्या व्हॅटिकन आणि सिनाई या थोर हस्तलिखितांत ग्रीक अक्षरे शब्दांमध्येही जागा न सोडता सलग लिहिलेली आहेत आणि विरामखुणा तुरळक आहेत. व्हॅटिकनच्या प्रतीत ‘सेमेरॉन’नंतर एक ठिपका दाखवला जातो, तो मूळ लेखनिकाचा की मागाहून कुणी दिलेला, यावर अजून वाद आहे, आणि मूळचा ठरला तरी सिद्ध एवढेच होईल, की चौथ्या शतकातला एक वाचक तिथे थांबला होता. विरामखुणांची कल्पना जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयातल्या ॲरिस्टोफेनिसने ख्रिस्तापूर्वीच कमी-अधिक थांबण्यासाठी वेगवेगळ्या उंचीचे ठिपके सुचवले होते. पण सुचवणे वेगळे आणि सरसकट वापरणे वेगळे. नव्या कराराची आजची वचनवारी रोबेर एस्तियेनने १५५१मध्ये छापली, म्हणजे ज्याला आपण ‘त्रेचाळिसावे वचन’ म्हणतो ते वचनही सोळाव्या शतकातले. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. मोडीतले दफ्तर शब्द न तोडता आणि विरामाशिवायच लिहिले जात होते. इंग्रजी वळणाची विरामचिन्हे आपल्याकडे रुळली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्यासारख्यांच्या खटपटीने. पेशव्यांच्या कारकुनाला पत्र वाचताना कुठे थांबायचे हे कळत होते, कारण तो मजकुराचा संदर्भ जाणत होता. चिन्ह नसणे म्हणजे अर्थ नसणे नव्हे, एवढे तरी दफ्तरे वाचणाऱ्या कुणालाही मान्य व्हावे.

चिन्ह नसताना थांबायचे कुठे, या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर देणारा पहिला मोठा ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टिन. ‘ख्रिस्ती शिकवणीविषयी’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो नेमकी हीच अडचण घेतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ पाखंडी लोक चुकीच्या जागी तोडतात आणि शब्द हा देव होता हे विधान टाळतात, असे उदाहरण देऊन तो क्रम सांगतो: संदिग्ध जागी आधी श्रद्धेच्या नियमाला विचारावे, त्याने सुटले नाही तर मागचापुढचा संदर्भ पाहावा, आणि दोन्हींनी सुटले नाही तर वाचकाने आपल्या मर्जीने विराम द्यावा. ऑगस्टिनचा प्रामाणिकपणा मला आवडतो; विराम हा मानवी निर्णय आहे हे त्याने सरळ कबूल केले आहे. पण त्याचा क्रम मला उलटा वाटतो. श्रद्धेच्या नियमाला पहिला मान दिला, की ग्रंथाला त्या नियमाविरुद्ध बोलण्याची संधीच उरत नाही. ग्रंथातून सिद्धान्त काढायचा आणि सिद्धान्ताच्या बळावर ग्रंथ तोडायचा, या फेऱ्यात नवीन काही कळण्याचा मार्ग बंद होतो. मध्वाचार्यांनी छांदोग्यातले ‘तत्त्वमसि’ हे आधीच्या ‘आत्मा’ शब्दाशी संधी झाला आहे असे धरून ‘अतत् त्वमसि’, म्हणजे ‘ते तू नाहीस’, असे वाचले, तेव्हा अद्वैत्यांनी हाच आक्षेप घेतला. मध्वांनीही पाठातले दृष्टान्त तपासून आपली बाजू मांडली होती हे खरे. मग त्या दृष्टान्तांच्या बळावर वाद व्हावा, द्वैत आधी मान्य केल्याच्या बळावर नव्हे.

आपल्याकडे याहून जुना आणि माझ्या मते याहून चांगला नमुना निरुक्तकार यास्काचा आहे. ऋग्वेदाच्या सलग संहितेचे सुटे शब्द पाडून शाकल्याने पदपाठ सिद्ध केला. वेद अपौरुषेय मानणाऱ्या परंपरेतही पदपाठाशी शाकल्य या माणसाचे नाव जोडले गेले, ही गोष्ट बोलकी आहे. दहाव्या मंडलाच्या एकोणतिसाव्या सूक्ताच्या आरंभी ‘वायो’ असा जो ध्वनी आहे, तो शाकल्याने ‘वा’ आणि ‘यः’ असा तोडला. निरुक्तात यास्क म्हणतो, हे बरोबर नाही. ‘यः’ हे संबंधी सर्वनाम तिथे असते तर पुढच्या क्रियापदावर उदात्त स्वर आला असता, तो आलेला नाही; शिवाय तसे तोडले तर अर्थही अपुरा राहतो. म्हणून तो एकच शब्द, पक्ष्याचे पिल्लू या अर्थाचा. या दोन कारणांत एकही धर्मसिद्धान्त नाही. एक कारण स्वराचे, म्हणजे पाठात खरोखर टिकून राहिलेल्या खुणेचे. दुसरे वाक्याच्या पूर्णतेचे. पवित्र पाठाचे तुकडे माणसाने पाडले आहेत, ते चुकू शकतात, आणि चूक पुराव्याने दाखवता येते, अशी तिन्ही गृहीतके यास्काने विनासायास वापरली. लूकच्या वचनाला मी हीच रीत लावू पाहतो.

‘आमेन, मी तुम्हाला सांगतो’ हे येशूच्या बोलण्यातले ठरीव सूत्र आहे. चारही शुभवर्तमानांत ते पुन्हा पुन्हा येते आणि इतरत्र कुठेही त्या सांगण्याला ‘आज’, ‘आता’ असे कालदर्शक शेपूट जोडलेले नाही. मार्कच्या चौदाव्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो, की आजच, याच रात्री, तू मला नाकारशील. तिथे सूत्रही आहे आणि ‘सेमेरॉन’ही, पण दोघांच्या मध्ये ‘की’ या अर्थाचा ‘होटी’ उभा आहे, त्यामुळे ‘आज’ नाकारण्याच्या बाजूला पडतो यात शंका राहत नाही. लूकचे स्वतःचे वळणही पाहण्यासारखे आहे. मेंढपाळांना मिळालेली तारणाऱ्याच्या जन्माची वार्ता, नासरेथच्या सभास्थानातले येशूचे पहिले भाषण, जक्कयाच्या घरी आलेले तारण, या ठिकाणी लूक ‘आज’ हा शब्द तारण घडण्याला जोडतो. मग गुन्हेगाराची विनवणी पाहा. त्याने ‘येशील तेव्हा’ असा दूरचा काळ मागितला होता. उत्तरात ‘आज’ आला तर त्या ‘तेव्हा’ला तोड मिळते. वधस्तंभावर माणूस कधी कधी दिवसचे दिवस तळमळत राही, हे लक्षात घेतले तर ‘आज’ला आणखी धार येते. उलट, वधस्तंभावरून बोलणारा माणूस आपण हे आज सांगतो आहोत असे का सांगेल? उद्या तो बोलणारच नव्हता.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा जुन्या करारातून येतो आणि तो झटकून टाकता येण्यासारखा नाही. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मोशे इस्राएलांना पुन्हा पुन्हा म्हणतो, की मी आज तुम्हाला ही आज्ञा देतो, मी आज तुम्हाला बजावतो. त्याच्या ग्रीक भाषांतरात, म्हणजे सेप्टुअजिंटमध्ये, ‘सेमेरॉन’ हा शब्द आज्ञा देण्याच्या क्रियापदामागोमाग येतो. लूकची ग्रीक सेप्टुअजिंटवर पोसलेली आहे हे सर्वमान्य आहे. तेव्हा ‘आज मी तुला सांगतो’ ही गंभीर घोषणेची ढब त्याने तिथून उचलली असू शकते. सिरियाक भाषेतल्या जुन्या शुभवर्तमानांपैकी क्युरेटन यांच्या नावाने ओळखली जाणारी प्रत ‘आज’नंतर ‘की’ घालते, म्हणजे असे वाचणारे प्राचीन काळीही होते. एवढे मान्य करूनही तोल माझ्या मते पहिल्या बाजूलाच झुकतो. मोशेच्या घोषणेपाठोपाठ काय होणार ते सांगणारे विधान येते, तेव्हा ग्रीक भाषांतर ‘होटी’ घालून सांधा दाखवते. लूकही ‘प्रेषितांची कृत्ये’च्या विसाव्या अध्यायात पौलाच्या तोंडी ‘आजच्या दिवशी मी साक्ष देतो’ असे वाक्य घालतो, आणि तिथे ‘होटी’ विसरत नाही. हवे तेव्हा त्याला हे साधन माहीत होते. जुन्या सिरियाकची दुसरी प्रत, सिनाईची, ‘की’ हा शब्द ‘आज’च्या आधी घालते, त्यामुळे ती साक्ष आपसांतच फिटते.

इथे इंग्रजीची एक गंमत सांगायला हवी. किंग जेम्समध्ये, आणि त्याआधी विल्यम टिंडेलच्या भाषांतरातही, ‘आज’नंतर सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी आले आहे. जुन्या इंग्रजी वळणात कालदर्शक शब्द वाक्याच्या तोंडाशी आला, की क्रियापद असे उडी मारून पुढे येई. त्यामुळे तिथला स्वल्पविराम पुसून टाकला तरी ‘आज’ सुखलोकाच्या वाक्यातच राहतो. शब्दक्रमानेच त्याला बांधून ठेवले आहे. आधुनिक इंग्रजीत ही उलटापालट गेली, कर्ता सरळ क्रियापदाआधी बसू लागला, आणि जे काम व्याकरण करत होते ते सारे एका टिंबवजा चिन्हाच्या डोक्यावर येऊन पडले. स्वल्पविरामाचा एवढा वाद विसाव्या शतकातल्या भाषांतरांवर होतो, त्याचे निम्मे कारण हे आहे. टिंडेलची गोष्ट आणखी लक्षात घेण्याजोगी. मेलेल्यांचे आत्मे आधीच स्वर्गात पोचले असतील तर मग पुनरुत्थानाचे प्रयोजन काय, असा रोखठोक प्रश्न त्याने १५३१मध्ये थॉमस मोरला दिलेल्या उत्तरात केला होता. म्हणजे मत त्याचे निजलेल्या आत्म्याकडे झुकणारे आणि भाषांतर मात्र ‘आजच’ म्हणणारे. आपल्या मताला सोयीचा शब्दक्रम इंग्रजीत त्याच्या हाताशी होता, तो त्याने वापरला नाही. मराठी भाषांतरकाराची स्थिती निराळी आहे. आपल्याकडे ‘आज’ नैसर्गिकपणे ‘सांगतो’च्या आधी येतो किंवा ‘तू’च्या शेजारी, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंपासून पुढच्या कुणालाही चिन्हाच्या आडोशाला उभे राहता आले नसते. शब्द कुठे ठेवायचा हे आधीच ठरवावे लागते.

‘आज’ आश्वासनाला जोडण्यावर धर्मशास्त्रीय आक्षेप असा. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू मग्दालीया मरीयेला सांगतो, की मी अजून पित्याकडे वर गेलेलो नाही. ‘कृत्यां’तल्या पेत्राच्या भाषणात त्याचा जीव अधोलोकात राहू दिला गेला नाही असे आहे, म्हणजे मधल्या काळात तो तिथे होता. मग शुक्रवारीच सुखलोकात कसा असेल? आक्षेप वजनदार आहे, पण तो विरामाविरुद्ध आहे असे मला वाटत नाही. तो ‘सुखलोक’ म्हणजे देवाजवळचा परमोच्च स्वर्गच, या गृहीताविरुद्ध आहे. त्या काळच्या यहुदी कल्पनेत नीतिमानांनी पुनरुत्थानाची वाट पाहण्याची जागाही याच नावाने ओळखली जाई, आणि लूकच्या सोळाव्या अध्यायात लाजर मेल्यावर अब्राहामाच्या उराशी जाऊन विसावतो, तीही अशीच एक मधली जागा आहे. दुसरे असे, की योहानाच्या वाक्याने लूकचे वाक्य तोडायचे म्हणजे दोन लेखकांना एकच लेखक मानणे. ज्याला बायबलची एकवाक्यता हवी त्याने ती जरूर शोधावी. पण आधी लूक काय म्हणतो ते लूकच्या ग्रीकमध्ये ठरू द्यावे.

विराम अलीकडे घेतल्याने अमर आत्म्याचा सिद्धान्त सिद्ध होतो, हेही मला मान्य नाही. एका गुन्हेगाराला दिलेल्या शब्दावरून सगळ्या मानवजातीच्या मरणोत्तर अवस्थेपर्यंत पोचायला बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. धर्मसुधारक काल्व्हिनने आत्म्याच्या निद्रेविरुद्ध तरुणपणी एक सबंध पुस्तक लिहिले. एवढे पुस्तक लिहावे लागले, याचाच अर्थ एका वचनाने काम भागत नव्हते. निद्रावाद्यांकडेही उपदेशकाच्या पुस्तकातली वचने आहेत, पौलाने मेलेल्यांना ‘निजलेले’ म्हटले आहे. त्यांचा सिद्धान्त या एका स्वल्पविरामाविना पडत नाही आणि विरोधकांचा त्याच्या जोरावर उभा राहत नाही. हे दोन्ही बाजूंनी ओळखले, तर विरामाचा निर्णय भीतीशिवाय घेता येईल.

परंपरावादी वाचक म्हणेल, की हा सारा खटाटोप कशाला. चर्चमध्ये शतकानुशतके हे वचन मोठ्याने वाचले गेले, वाचणाऱ्याचा आवाज कुठे थांबत होता हे मंडळीला माहीत होते, तोच खरा विराम. मोठ्याने वाचण्याची परंपरा हा खरोखर पुरावा आहे आणि कागदावरच्या ठिपक्यापेक्षा तो जुना असू शकतो. पण तो इतर पुराव्यांसारखाच तपासावा लागतो, कारण परंपराही एक नसते. सिरियाकच्या दोन प्रती दोन तऱ्हांनी थांबतात ते आपण पाहिलेच. शिवाय परंपरेने एकदा घेतलेला विराम मूळ पाठाशी विसंगत असल्याचे स्पष्ट दिसणारी एक जागा खुद्द बायबलमध्येच आहे.

यशयाच्या चाळिसाव्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात एक वाणी पुकारते आणि ‘अरण्यात’ हा शब्द मागोमाग येतो. अरण्यात पुकारणारी वाणी, की वाणी सांगते ती वाट अरण्यात तयार करायची? हिब्रूत उत्तर जवळजवळ निर्विवाद आहे. पुढच्याच ओळीत त्याच अर्थाची जोडओळ आहे आणि तिच्यात वाळवंट हा शब्द सडक सरळ करण्याच्या बाजूचा आहे. हिब्रू कवितेत अशा ओळी एकमेकींना तोलून धरतात. हिब्रू पाठ जतन करणाऱ्या मासोरा पंडितांच्या स्वरखुणाही पुकारण्यानंतरच थांबतात. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या यहुदी मंडळींनी आपल्या नियमावलीत हे वचन असेच वाचले आणि वाट तयार करायला अरण्यात जाणे हे आपले कर्तव्य मानले. सेप्टुअजिंटच्या भाषांतरात मात्र दुसऱ्या ओळीतला ‘वाळवंटात’ गळाला. जोडओळीचा आधार सुटताच ‘अरण्यात’ मोकळा झाला आणि वाणीकडे ओढला गेला. शुभवर्तमानकारांनी तो ग्रीक पाठ घेतला, कारण बाप्तिस्मा करणारा योहान खरोखर अरण्यात पुकारत होता. किंग जेम्सच्या भाषांतरकारांनी पुढे जाऊन यशयातही शुभवर्तमानाला जुळेल असाच विराम दिला: ऑगस्टिनचा क्रम, श्रद्धेचा नियम आधी. १८८५च्या सुधारित इंग्रजी बायबलने यशयात ‘अरण्यात’ पुन्हा वाटेच्या बाजूला नेला आणि मार्कमध्ये तो वाणीच्याच बाजूला राहू दिला, कारण मार्कने तसेच लिहिले होते. त्यानंतरच्या प्रमुख भाषांतरांनी हाच मार्ग धरला. कॅथलिक आणि अनेक प्रॉटेस्टंट चर्चेसच्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात, दुसऱ्या वर्षी, आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी यशयाचा हा उतारा आणि मार्कचा आरंभ एकाच उपासनेत वाचले जातात. नीट वाचणारा वाचक पहिल्यात ‘अरण्यात’च्या आधी थांबतो, दुसऱ्यात नंतर.